दुपारच्या आधीचे आबा

हिवाळ्यात जळगावात सांज झाली आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजली जाऊ लागली, की तो धुरकट, खमंग गंध आमच्या रुग्णालयाच्या संगणक-कक्षातही निःसंकोच शिरतो. एरवी माझे कामातले लक्ष उडते, तोंडाला पाणी सुटते. त्या संध्याकाळी मात्र जीव कासावीस झाला.

त्या दुपारी आमच्या नोंदणी विभागातल्या नानांना नीटनेटकेपणाचा झटका आला होता. एकच गाव, एकच नाव, वडिलांचेही नाव तेच, आणि आडनाव अर्थातच पाटील! एकाच रुग्णाची दोनदा नोंद झाली असणार, असे मानून, स्वतः पाटील असलेल्या नानांनी अख्ख्या खानदेशातले पाटील एकमेकांत मिसळून टाकले. याचे औषध त्याच्या नावावर, त्याचा रक्तगट याच्या! रागवावे तरी कसे? बिचारे घामाघूम होऊन माझ्या खुर्चीमागे उभे होते.

उपाय एकच होता. पहाटेचा बॅकअप पुन्हा मांडायचा, त्यावर पुढची एकेक नोंद क्रमाने चढवत यायचे आणि नानांचा हात पडण्याच्या क्षणाआधी थांबायचे. केवढे हे सामर्थ्य! बिघडलेला काळ पुसून निर्मळ काळ परत आणता आला, तर माणसाला क्षणभर आपण विधाता असल्याचा भास होणार नाही का? सारे पाटील सुखरूप आपापल्या जागी परतले. नानांनी हात जोडले.

पण चुकीनंतर जे खरोखरच घडले होते, तेही पुसले गेले होते. शिरपूरकडचे एक आबा दुपार कलताना वारले होते. पडद्यावर ते पुन्हा खाटेवर होते, आणि डॉक्टरांची सकाळची नोंद सांगत होती, ‘संध्याकाळपासून घरचे जेवण द्यायला हरकत नाही.’

बाहेरच्या बाकावर त्यांच्या पत्नी, अक्का, मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. आबांनी हट्टाने मागितलेले भरीत होते त्यात. आबांना गावी न्यायचे होते आणि मृत्यूचा कागद, नोंदी परत येईपर्यंत, माझ्यापाशी अडला होता. दार उघडताच त्यांनी हळूच विचारले, “बठ्ठं परत उनं का रे भाऊ?”

सगळे परत आले होते, पडद्यावर तर आबासुद्धा. होकारार्थी मान हलवून मी आत आलो. पडद्यावरची जेवणाची ती ओळ पुसण्यासारखी नव्हतीच, सकाळी ती खरीच होती. खिडकीतून भरताचा गंध येतच होता, आणि आबांचे जेवण अजून व्हायचे होते. मग त्या ओळीखाली मी त्यांचे निधन पुन्हा एकदा लिहिले.