मिलिंदचा मदरबोर्ड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नाशिकच्या एका छोट्या साप्ताहिकात मी कॉम्प्युटरच्या भागांवर लिहायचो. नवा भाग आला की घरी लावायचा, किती तापतो, कुठे अडतो ते बघायचं आणि घ्यावा की नाही ते सांगायचं. लोक माझं ऐकायचे. मिलिंद तर डोळे मिटून.

मिलिंद माझा शाळेपासूनचा मित्र, चित्रकलेचा शिक्षक. त्याला एक छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म करायची होती — धुक्यातून उडत जाणाऱ्या बगळ्यांची. त्याचा जुना कॉम्प्युटर एकेका चित्रावर अख्खी दुपार घालवायचा. म्हणून त्याच्या धाकट्या भावाने, नितीनने, सिंगापूरहून येताना एक मदरबोर्ड आणला — कॉम्प्युटरचे बाकी सगळे भाग ज्यावर बसतात तो. तसला बोर्ड तेव्हा आमच्याकडे फक्त मासिकातल्या फोटोत दिसायचा. बाकीचं सामान मिलिंद नंतर घेणार होता.

"सुहास, आधी तू तपास," तो म्हणाला. "तू हो म्हणालास की पुढचं बघू."

इंदिरानगरातल्या माझ्या खोलीत मी पडदे ओढले आणि तो टेबलावर ठेवला. काळाभोर. त्यावर तांब्याच्या वळणदार नळ्या. माझा प्रोसेसर बसवला, वीज दिली — आणि कडेला एक निळा दिवा हळूच उजळला. खोली पाण्याखाली गेल्यासारखी झाली. तुम्ही कधी एखाद्या वस्तूकडे असं पाहिलंय का, की बाहेरचे आवाजच ऐकू येईनासे होतात?

मी सगळ्या चाचण्या घेतल्या. मुद्दाम तापवला, दिवसदिवस चालू ठेवला. कुठेच अडला नाही. शेवटी मिलिंदने दिलेली, त्याच्या चित्रांची सीडी घातली. आणि ते बगळे उडाले — सलग, न अडखळता, पंख पसरून. त्याने काढलेले बगळे. मी एकटाच बघत बसलो होतो.

मिलिंदला तिथेच फोन करायला हवा होता. नाही केला. दुसऱ्या दिवशीही नाही. दुपार झाली की मी पडदे ओढायचो, आणि तो बोर्ड माझा असायचा. मग मिलिंदच विचारायला आला.

मी म्हणालो, "खराब आहे रे. मध्येच बंद पडतो."

इतकंच.

त्याचा चेहरा पडला. पण शंका? अजिबात नाही. दाराशी जाऊन म्हणाला, "तुझ्याकडेच राहू दे. सुटे भाग तरी कामाला येतील." मला मागावंसुद्धा लागलं नाही.

नितीनने फोनवर भांडण काढलं. दुकानात चालवून बघून आणलाय, खराब असूच शकत नाही, म्हणाला. मिलिंद म्हणाला, सुहास खोटं बोलणार नाही. शब्दाने शब्द वाढला. पुढची कितीतरी वर्षं नितीन नाशिकला आला की सासरी उतरायचा, मिलिंदकडे नाही. फिल्म मागे पडली ती पडलीच. आणि मी — मी तो बोर्ड जुना होईपर्यंत वापरला. कुणी घरी येणार असलं की वर कापड टाकायचो.

मग मिलिंदच्या मुलीचं लग्न ठरलं. नितीन लग्नाला आला, पण भावापासून लांबच बसला. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ आला. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते.

"सुहासदादा, एक विचारू? रागाने नाही विचारत. त्या बोर्डात नक्की काय बिघडलं होतं? इतकी वर्षं डोक्यात आहे. मी बघून आणला होता हो."

इथे तरी सांगता आलं असतं ना? मांडवात गोंगाट होता, कुणाला ऐकूही गेलं नसतं. नितीन माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "मेमरीचा स्लॉट सैल होता. वरून कळत नाही ते."

त्याने हळूच मान हलवली. मग म्हणाला, "म्हणजे माझंच चुकलं."

तो मांडव ओलांडून मिलिंदकडे गेला. काहीतरी बोलला, भावापुढे वाकला. मिलिंदने त्याला उठवून छातीशी धरलं. दोघंही रडत होते. मग मिलिंदने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मला हात जोडले.

मीही जोडले.