गिअरबॉक्स आणि दहा दिवसांचा दिवा

माझा नवरा गॅरेजमध्ये वारला. आज वर्ष झालं, म्हणून तुम्ही सगळे ह्यांच्या फोटोपुढं जमलात.

स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर, दुपारचं जेवून जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत. पण ते घर गॅरेजमध्ये उभं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं घर म्हणजे एक जुनी स्कूलबस. रिटायर झाल्यावर ह्यांनी जालन्याचा फ्लॅट विकला, बसमधली बाकं काढली आणि ओटा, पलंग, एवढंसं बाथरूम बसवून घेतलं. नोकरीभर बदलीच्या गावी भाड्यानं राहिलो, आता घरच सोबत नेऊ म्हणाले.

मला पटलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना नव्हतं पटलं, तेही माझ्या लक्षात आहे.

हौस दांडगी होती. पण रिपेअरिंगवाले आमच्या नशिबी एकसे एक दिवटे.

टाकी गळायला लागली तर प्लंबर म्हणे, ही गाडी हाय, गॅरेजला न्या. गॅरेजवाला म्हणे, हे नळाचं काम हाय, प्लंबरला बोलवा.

सुतारानं बसवलेली मांडणी पहिल्याच खड्ड्याला डब्यांसकट माझ्या पायावर आली. वर मलाच विचारतो, गाडी जोरात पळवली का?

इलेक्ट्रिशियननं काय जोडलं देव जाणे. पंखा लावला की हॉर्न वाजायचा. तो म्हणे, चालतंय की, दोन्ही चालू तर हायेत.

आणि ह्या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे भोकरदनचा गॅरेजशेठ.

गिअर पडेना म्हणून बस त्याच्याकडं नेली. त्यानं पहिल्याच दिवशी गिअरबॉक्स खाली उतरवला, गोणपाटावर ठेवला आणि त्याच्याकडं बघणंच सोडून दिलं. आम्ही राहायला तिथंच. दुसरीकडं जाणार कुठं? ग्रीसच्या वासात माझा स्वयंपाक, वेल्डिंगच्या आवाजात ह्यांचा पेपर.

हे रोज सकाळी आंघोळ करून शेठपुढं जाऊन उभे राहायचे.

रोज तेच उत्तर. काका, करूनच राह्यलो. पार्ट संभाजीनगरहून येऊन राह्यला. अरे, तो पार्ट पायी निघाला असता तरी पोचला असता.

ह्यांना राग म्हणून यायचा नाही. त्याचीपण अडचण असेल म्हणायचे. डोंबलाची अडचण.

आणि एका दुपारी हे गेले.

धाकटे दीर पिंपळगाव रेणुकाईहून आले. म्हणाले, वहिनी, अंत्ययात्रा घरून निघाली पाह्यजे, भाऊला गावाकडं नेऊ. मी म्हटलं, घरूनच निघेल. बसच्या दारातूनच निघाली.

स्मशानातून आल्यावर दिरांनी पुढचं ठरवून टाकलं. दिवस झाले की वहिनीनं आमच्याकडं यायचं, मागची खोली रिकामी करतो. बस भंगारात द्यायची.

माणूस वाईट नाही. पण खरं सांगते, मला त्या मागच्या खोलीची धडकी भरली. ह्यांच्यासोबतचा माझा संसार ह्या बसमध्ये होता, आणि गिअरबॉक्स उतरवलेली बस म्हणजे भंगारच. मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार होते?

ह्यांना जिथं खाली घेतलं होतं तिथं, पलंगाशेजारी, पीठ पसरून दिवा लावला. वात दक्षिणेला. दहा दिवस तो जागचा हलवायचा नाही, विझू द्यायचा नाही. आमच्याकडची रीत.

शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. गॅरेजमध्ये सुतक! गिऱ्हाईक गेटातूनच परत जायला लागलं.

तिसऱ्या दिवशी मी अस्थी घेऊन आले, तर बस थरथरत होती. इंजिन चालू. आत माझी नणंद दोन्ही हातांचा आडोसा करून दिव्यापाशी बसलेली.

शेठ हात पुसत आला. गाडी रेडी हाय म्हणाला, आजच घेऊन जा.

मी विचारलं, "पार्ट कुठून आला?"

"होता काकू, दुकानातच पडलेला. लक्षातच न्हाई आलं."

"मंग हे रोज तुझ्यापुढं येऊन उभे राहत होते, तेव्हा काय डोळे फुटले होते?"

तो पुन्हा हातच पुसायला लागला.

म्हणे, दिवा आतच राहू द्या, गाडी तेवढी हळूहळू नेतो. मी म्हटलं, वात दक्षिणेला आहे. तुझ्या गेटातून निघताना गाडी वळणार, मग वात कुणीकडं होईल ते सांग. त्यानं अस्थींच्या विधीहून माझ्यासोबत आलेल्या गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी जरा विचार केला आणि मान हलवली. न्हाई जमायचं म्हणाले.

मग काय, राहिले मी तिथंच दहा दिवस. भेटायला येणारे टायरवर बसायचे. शेठ गेटापाशी उभा राहून गिऱ्हाइकांची समजूत काढायचा. मला त्याची अजिबात दया आली नाही. आजही येत नाही.

सगळे विधी आटोपले, तेव्हा दीर भंगारवाल्याशी फोनवर बोलत होते. मी ड्रायव्हर बोलावला. त्यानं किल्ली फिरवली, बस लगेच चालू झाली. दिरांनी बोलता बोलता फोन खिशात घातला. चालू गाडी भंगारात घाला असं तेही म्हणू शकले नाहीत.

"वहिनी, मंग तुम्ही?"

"मी इथंच. माझ्या घरात."

ड्रायव्हरनं पहिला गिअर टाकला. गपकन पडला, जरासुद्धा आवाज नाही. तेव्हा मी रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, ओट्याला धरून, मोठ्यानं.

एवढंच काम होतं हो.

एवढंच.

अहो, ऐकताय ना फोटोतून? तुम्ही उगाच त्या नालायकाची अडचण समजून घेत बसलात.

अहो, मी आपल्या घरातच राहते. माझी काळजी करू नका. नमस्कार करते.