मागच्या पडवीतला कोपरा

“आता सुटली नं ते. मंग काऊन भेते?”

मोठी आई स्वयंपाकघरात शेजारच्या काकूंना विचारत होती. मी दाराआड उभी होते, कॉलेजच्या वह्या छातीशी धरून. दोघींच्या मध्ये सुपात हरभऱ्याची डाळ होती. काकू खडे निवडत राहिल्या. मोठी आईच पुढे म्हणाली की आपण सुटलो तेव्हा घरात साखर वाटली होती, आणि हिचं पाहा, बसल्या जागी घाम फुटतो.

ती माझ्या आईबद्दल बोलत होती. मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा गेल्यापासून ती नालवाडीला आमच्याच घरी राहायची, आणि घरातलं देवाधर्माचं सगळं तिच्या हाती होतं. ‘सुटली’ म्हणजे आईची पाळी थांबली. त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं.

मी आत गेले नाही. अशी बोलणी ऐकून मागच्या मागे निघून जायची मला सवय होती. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मोठी आई मला मडम म्हणायची. मडमला बोलता येते, पण बोलत नाई, असं ती पाहुण्यांना सांगायची आणि पाहुणे हसायचे.

मी मागच्या दाराने पडवीत गेले. कौलारू उताराखाली, धान्याच्या कोठीला लागून एक कोपरा आहे. तीन पायऱ्या उतरून तिथे जायचं. माझ्या लहानपणी दर महिन्याला आई त्या कोपऱ्यात बसायची. तिची वेगळी चटई, वेगळं घोंगडं, वेगळा पितळी लोटा आणि एक ताट, एवढं सामान भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेलं असे. तीन दिवस तिला कुणी हाक मारायचं नाही. चूल नाही, पाणी भरणं नाही, दुकानातून जेवायला येणाऱ्या बाबांची वाट बघणं नाही. ती गहू निवडायची, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची, आणि बऱ्याचदा नुसती बसायची. नुसती बसलेली आई मी फक्त तिथेच पाहिली आहे.

तिला कुणी शिवायचं नसे. पण रेशमाला विटाळ होत नाही, असं आमच्याकडे मानतात. म्हणून आईने तिच्या लग्नातल्या फाटक्या शालूचा मला एक परकर शिवला होता, जांभळा, खाली उसवलेला काठ. तो घातला की मी पायऱ्या उतरून थेट तिच्या मांडीवर जाऊन बसू शकत होते. शाळेतून आल्याबरोबर मी युनिफॉर्म काढून तो परकर शोधायची. मोठी आई वरून ओरडायची की तो परकर एक दिवस जाळून टाकते. आई म्हणायची, “राहू द्या बाई, रेशीम आहे.” तिच्या मांडीवर गव्हाच्या कोंड्याचा वास यायचा. ती मला तिच्या माहेरच्या, हिंगणघाटच्या गोष्टी सांगायची. नदीला पूर आला की जिनिंगच्या आवारातला कापूस कसा भिजायचा, आणि पुढे आठवडाभर तो वाळवायला पसरला की सगळं आवार कसं पांढरं दिसायचं. घरात चालता-बोलता तिने या गोष्टी कधी सांगितल्या नाहीत. वेळच नव्हता.

परकर गुडघ्याच्या वर आला तेव्हा मी तिसरीत होते. नवीन शिवायला रेशीम नव्हतं, आणि मला लाजही वाटू लागली होती.

पुढे मला पाळी आल्यावर काही महिने असे आले की आमच्या तारखा जुळल्या. तेव्हा परकर लागत नव्हता, दोघीही बाहेरच्या. चटईला चटई लावून आम्ही बसायचो. मैत्रिणी शाळेत या बसण्याची चेष्टा करत आणि मीही त्यांच्यात हसून घ्यायची. घरी मात्र मी कॅलेंडरकडे बघत राहायची, या महिन्यात जुळेल का म्हणून. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ती प्रथा चांगली होती असंही मला म्हणायचं नाही. मला फक्त ती चटई आठवते.

मग आई सुटली, आणि कोपऱ्यात मी एकटी बसू लागले. आई वरून, लांबून माझ्या ताटात वाढायची आणि घाईने आत वळायची.

पहिल्यांदा तिला ते झालं ते चक्कीवर. ज्वारीचा डबा घेऊन ओळीत उभी होती. अचानक छाती धडधडायला लागली, हात गार पडले, मानेवरून घामाच्या धारा. चक्कीवाल्याने पट्टा थांबवला, पाणी दिलं आणि सायकलरिक्षात बसवून घरी पाठवलं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “मी मेलेच होते.” बाबांनी तिला शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले होते. छातीचा आलेख काढला. हृदय ठणठणीत होतं. डॉक्टर बाबांकडे बघून म्हणाले की या वयात बायकांना असं होतं, मन कामात गुंतवून ठेवा. आईकडे त्यांनी पाहिलंच नाही. लाल रंगाच्या टॉनिकची बाटली घेऊन आम्ही घरी आलो.

घरच्यांनी तो सल्ला मनावर घेतला. वाईट मनाने नव्हे. मोठी आईने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, नाकाला कांदा लावला, आणि गुण येईना तेव्हा तिला कामं देऊ लागली. लोणच्याचे आंबे, वर्षाचं तिखट, पापड. आई सगळं करायची. आणि करता करता मधेच हात थांबायचा.

मी तेव्हा बारावीला होते. जीवशास्त्राच्या पुस्तकात एक धडा होता, त्यात मूत्रपिंडांवरच्या दोन लहान ग्रंथींचं चित्र होतं. माणसासमोर वाघ आला की त्या ग्रंथींतून एक रस रक्तात उतरतो, हृदय धावू लागतं, हातपाय गार पडतात, म्हणजे माणूस पळू शकतो किंवा लढू शकतो. मी तो परिच्छेद इंग्रजीत पाच वेळा वाचला. आईचंच वर्णन होतं. फक्त तिच्यासमोर वाघाऐवजी पापडाचं पीठ होतं. पाळी थांबण्याबद्दल त्या पुस्तकात एकच ओळ होती, आणि त्या ओळीत भीतीचा उल्लेख नव्हता.

आईला मी सांगून पाहिलं. मराठीत मला नीट जमेना. मी माझ्याच कमरेवर हात ठेवून ग्रंथी कुठे असतात ते दाखवलं. ती कौतुकाने ऐकत होती.

“म्हणजे वाघ नाई, अन् वाघाची भीती आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“मग वाघ असता तर बरं होतं. लोकांना दिसला तरी असता.”

आम्ही दोघी हसलो. पुष्कळ दिवसांनी.

त्यानंतर मी लक्ष ठेवू लागले, आणि मला दिसलं की तसं व्हायला लागलं की ती काही न बोलता उठते आणि मागच्या पडवीत जाते. त्याच कोपऱ्यात. चटई नसायची, नुसत्या जमिनीवर बसायची, पाठ मातीच्या भिंतीला घट्ट लावून. पितळी लोटा कोनाड्यातून काढून गार पाण्याने भरायचा आणि मनगटाखाली धरायचा. मी शेजारी बसायची. एकदा मी काही विचारायला तोंड उघडलं तर तिने मान हलवली. “बोलू नको. तू फक्त बस.” मी बसले. ती तोंडाने हळूहळू श्वास सोडत होती, गरम दुधावर फुंकर घालावी तसा. थोड्या वेळाने म्हणाली, “येते, चढते, अन् उतरते. हे ध्यानात ठेवायचं. उतरतेच.” मी आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असे. वीस मिनिटांच्या पुढे ते कधी गेलं नाही. बाहेर कुठे, बाजारात किंवा कुणाच्या लग्नात झालं तर तिला तास तास थरथर राहायची. त्या कोपऱ्यात मात्र ते उतरायचं.

भाद्रपद आला. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. दुसऱ्या दिवशीचा नैवेद्य सोवळ्यात करायचा. सोवळ्यात म्हणजे आंघोळ करून, ओल्या लुगड्याने, कुणाला न शिवता, आणि स्वयंपाक होईपर्यंत त्या खोलीबाहेर पाय न टाकता. पुरण, सोळा भाज्या, कढी, वडे, ज्वारीची आंबील. हे सारं इतकी वर्षं मोठी आई एकटी करायची, कारण घरात सुटलेली तीच एक होती. आता तिचे गुडघे गेले होते आणि आई सुटली होती. तेव्हा या वर्षी आईच.

मोठी आईला हा मान वाटत होता. खरोखर वाटत होता. तिने स्वतःचं सोवळ्याचं लुगडं आईला काढून दिलं. आईने आदल्या आठवड्यात एकदा विषय काढला, की या वर्षी तब्येत अशी आहे, तर. मोठी आई म्हणाली, “ताप हाय का? खोकला हाय का?” दोन्ही नव्हतं. “मंग? लक्ष्मीच्या कामात मन लागलं का सारं पळते.” डॉक्टरही तेच म्हणाले होते. आईने पुन्हा विषय काढला नाही. मला त्या रात्री कळलं की आमच्या घरात बाईला लाज न वाटता काम खाली ठेवता येईल असं एकच कारण होतं, आणि ते आईजवळ आता उरलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी आईने डाळ चुलीवर चढवली. मोठी आई उंबऱ्याशी पाट टाकून बसली होती, तिथून सांगत होती. मी उंबऱ्याबाहेर, धुतलेल्या भाज्या लांबून पातेल्यात टाकत होते. पुढच्या खोलीत जेवायला यायच्या सवाष्णींपैकी दोघी आधीच येऊन मुखवट्यांसमोर बसल्या होत्या. धुराने सगळ्यांचे डोळे लाल होते, म्हणून आईचा चेहरा कुणाच्या लक्षात आला नसावा.

माझ्या लक्षात आला. तिचा डाव थांबला. कानामागे, मानेवर घाम तरारला, तो ओल्या लुगड्यात जिरत गेला. ओठ पांढरे. डाव्या हाताने तिने चुलीमागची भिंत धरली, पण ती भिंत तापलेली होती, हात तिने झटक्यात मागे घेतला. मग तिने एकदाच मागच्या दाराकडे पाहिलं.

तीन पायऱ्या. पण त्या उतरल्या की सोवळं मोडणार. नैवेद्य टाकून बाई उठली, असं पुढे कायम म्हटलं जाणार, आणि इतरांपेक्षा जास्त ते आई स्वतःलाच म्हणणार. ती तिथेच पडली असती पण उठली नसती. मी तिला ओळखत होते.

“हालव नं डाव, खाली लागते डाळ,” मोठी आई म्हणाली.

आईने डाव हलवला. डाव पातेल्याच्या काठावर एकसारखा वाजत राहिला. तेवढ्यात बाबा पळसाच्या पत्रावळी घेऊन दारात आले. आवाज ऐकून तेही थांबले आणि आईकडे बघू लागले. मोठी आई पाटावरून उठू लागली, गुडघ्यावर हात देऊन, आईला धरायला.

मला सगळं दिसत होतं. ती डाळ गाईला घालावी लागेल. मोठी आईचे गुडघे असे, म्हणजे सुटलेली नसले तरी स्वयंपाक मला करावा लागेल, आणि मला पुरण येत नव्हतं. बाबांसमोर आमच्या घरात तो विषय आजवर कुणी काढला नव्हता, मी तर कुणासमोरच काही काढत नव्हते. पुढच्या खोलीत देवी बसल्या होत्या आणि मी खोटं बोलणार होते. आईने “नाही” म्हटलं असतं तर मी तिथेच संपले असते. आणि हेही खरं की मला तिच्यासाठी जितकं वाटत होतं तितकंच माझ्यासाठीही वाटत होतं. तीन दिवस. चटई, पितळी लोटा, कोंड्याचा वास, पुरात भिजलेला कापूस.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी भाजीची टोपली खाली ठेवली आणि घरात कधी बोलले नव्हते इतक्या मोठ्याने, मोठी आईच्याच बोलीत बोलले:

“मोठी आई, आईले शिवू नको. ते बाहेरची झाली हाये. तिले मागं बसू दे.”