तुरीतला मी

गेल्या हिवाळ्यात मी आमच्या तुरीच्या वावरात, दोन्ही हात पसरून, उभ्याउभ्या वारलो. निदान आखाडा बाळापुरात दिवेलागणीला तशी बातमी होती.

त्याचं असं झालं. बुटाची लेस बांधतानाही मला धाप लागायची, म्हणून दिवाळी होताच डॉक्टरांनी वजन हळूहळू उतरवायला सांगितलं. 'हळूहळू' मी दवाखान्यातच सोडून आलो! भाकरी बंद, भात बंद, सकाळी गरम पाणी, संध्याकाळी काकडी. वजन भराभर उतरलं आणि त्याच्या मागोमाग झोप, हसू, बोलणंही. माझ्या खत-बियाण्याच्या दुकानात मी गिऱ्हाइकाला पिशवी द्यायचो, आत माल घालायला विसरायचो. घरात कुणी हाक मारली, तर ती दुसऱ्याच कुणाला मारल्यासारखी वाटायची. एकदा ताट पुढे सरकवत बायको, रेखा, म्हणाली,

"अहो, डॉक्टरनं वजन कमी करा म्हणलं व्हतं. माणूस कमी करा न्हाई!"

मी काकडी चावत राहिलो.

तशात तुरीत रानडुकरं शिरायला लागली. बुजगावणं करायला घेतलं. माझे जुने कपडे आता माझ्या अंगावर पडद्यासारखे लोंबत होते. त्यांत सोयाबीनचं भुसकट ठासलं, वर मडकं, मडक्याला मिशा, गळ्यात माझाच मफलर. पोट मात्र जुन्या मापाने, मायेने भरलं. उभं करून मागे सरलो आणि बघतो तर काय! समोर मी होतो! पूर्वीचा, पोटभर जेवलेला, समाधानी.

मग रोज संध्याकाळी मी त्याच्यापाशी जाऊन बसू लागलो. वाळल्या शेंगा खुळखुळायच्या आणि मी मनातलं सांगायचो. (घरी बायको वाट बघतेय आणि नवरा भुसकटाशी बोलतोय!) एकदा विचारलं, "मी परत तुझ्यासारखा हसणार का रे?" शेंगांचा आवाज एकदम थांबला. वारा पडला होता. आणि मडकं हळूच माझ्याकडे वळलं.

मी काकडी टाकून पळालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. बोलायला दुसरं होतं कोण?

रेखा हबकून गेली होती. तिने सेनगावहून माझ्या मामांना बोलावलं. मामांनी मला दिवाळीनंतर पाहिलं नव्हतं. ते जीपमधून वावराजवळच उतरले, तर अंधारत्या तुरीत त्यांना त्यांचा गुबगुबीत भाचा दिसला! मामांनी बांधावरूनच तोंड सोडलं.

"काहून रे दत्ता? ती पोरगी तिकडं रडून राहिली अन् तू हितं हात पसरून उभा? म्हणं जेवत न्हाई! पोट तर हे एवढं हाय! बोल की!"

भाचा गप्प. मामांनी जवळ जाऊन त्याला गदागदा हलवलं. मुंडकं निखळून त्यांच्या हातात आलं!

मी त्याच्याच मागे, उपाशीपोटी चक्कर येऊन तुरीत आडवा पडलेलो. मामांच्या किंकाळीने जाग आली. कसाबसा म्हणालो, "मामा... मी हितंच हाय..."

बिनमुंडक्याच्या धडामागून आलेला तो आवाज ऐकून मामा जे सुटले, ते थेट आमच्या ओसरीवर. मडकं काखेतच!

मी घरी पोचलो तेव्हा 'दत्ता गेला' ऐकून अख्खी गल्ली जमली होती. मला बघताच सगळे भिंतीला चिकटले. मामा कुजबुजले, "मेल्याबराबर इतका वाळला?" शेजारच्या काकूंनी माझी पावलं उलटी आहेत का ते वाकून बघितलं. (मीही बघितलं!)

फक्त रेखा पुढे आली. तिने माझा हात धरला.

"सूनबाई, भूत हाय ते!" मामा ओरडले.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "दिवाळीपासून ह्याच भुताला ताट वाढून राहिले मी." आणि हात न सोडता रडायला लागली.

मग मीही रडलो. मनात अंधार झालाय, हे पहिल्यांदा जिवंत माणसाला सांगितलं. ती म्हणाली, "आधी भाकर खा. मग सगळं सांगा."

दोन्ही केलं. आता वजन खरोखरच हळूहळू उतरवतोय, मनासाठीही डॉक्टरांकडे जातोय. मामा मात्र अजून हळहळतात. म्हणतात, "तुरीतल्यानं माझं सगळं गपगुमान ऐकून घेतलं व्हतं. जलमात पहिल्यांदा वाटलं, भाचा सुधारला!"