आईच्या खोलीतला खांब

पुंडलिकनगरात घर बांधत होतो तेव्हाची गोष्ट. आई न्हाणीघरात घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. म्हणून मी हट्टानं जुन्या टायरच्या चुऱ्याच्या चार गोण्या आणल्या. तो सिमेंटात कालवून अंगणात थर द्यायचा, म्हणजे तिचा पाय घसरणार नाही.

चुरा बनवणाऱ्या कारखान्यातल्या माणसानं बजावलं होतं, "वजन पेलणाऱ्या जागी हे वापरू नका, ताई." त्यानं दिलेली त्याच चुऱ्याची नमुन्याची वीट मी मिस्त्रींसमोर परांचीवरून, म्हणजे चांगल्या पुरुषभर उंचीवरून, खाली टाकली. "बघा, फुटली का?" ते थक्क झाले. बजावलेलं मात्र मी सांगितलंच नाही. मला नुसती शायनिंग मारायची होती.

मिस्त्री कन्नड तालुक्यातले, माझ्या वडिलांच्या वयाचे. आईला ते 'माय' म्हणत.

स्लॅबला दोन दिवस उरले होते. सकाळी खांबांना पाणी मारायला गेले, तर आईच्या खोलीतल्या खांबाला गुंडाळलेली पोती ओळखीची वाटली. माझ्याच गोण्या!

"मिस्त्री, यातला चुरा कुठाय?"

"खांबात!" ते खुशीत हसले. "अंगणात कशाला वाया घालवायचा? माय झोपणार तिथला खांब लई मजबूत पायजे. तुमीच दाखवलं ना, फुटत नाय म्हणून."

अरे देवा! आईच्या डोक्यावरचा स्लॅब त्याच खांबावर येणार होता.

"अहो, जीव घेता का तिचा?" मी किंचाळले, आणि मग खरं काय ते सांगितलं.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "हे आधी सांगायचं ना, ताई," एवढंच म्हणाले. घण त्यांनी स्वतःच उचलला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

आवाज ऐकून समोरच्या भाड्याच्या खोलीतून आई काठी टेकत आली. "चांगला खांब का फोडता?"

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. मी पाइप गुंडाळत बसले.

"माझ्या हातनं चूक झाली, माय."

आईनं त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. मी तोंड उघडायला पाहिजे होतं. नाही उघडलं. मी अशी आहे, हे मला तेव्हाच कळलं.

नवा खांब भक्कम आहे. आई त्याला टेकून बसते आणि आल्यागेल्याला सांगते, "मिस्त्रीनं घोळ केला होता. माझ्या लेकीमुळं वाचले मी."