छप्पर घालण्याआधी

शेजारी बांधकाम चाललंय. ओल्या सिमेंटचा वास आला, की आजही माझे कान रस्त्याकडे लागतात.

विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीचे दिवस होते. प्रार्थनेसाठी चार दिवस निवांत येऊन राहता यावं म्हणून आमची ख्रिस्ती मंडळी फुलंब्रीच्या वाटेवर घर बांधत होती. वडील पाळक. चिकलठाण्याच्या कारखान्यांतले लोक रविवारी येऊन घमेली उचलायचे. त्या दुपारी पलीकडच्या गावातून धूर निघाला आणि मागोमाग एक ट्रक भरधाव आमच्याकडे येऊ लागला.

“आत पळा!” आई ओरडली. आम्ही भिंतीआड दडलो. वडील एकटेच पुढे गेले.

उतरले ते आम्हाला फुकट विटा देणारे रहीमचाचा. मागे दलितवस्तीतल्या बाया, लेकरं दाटीवाटीनं बसलेली.

“पादरीसाब, घरं जाळली ह्यांची. आत घ्या.”

“चाचा, अजून छप्पर नाही.”

“भिंती हायेत ना? लई झालं.”

अंधार पडेपर्यंत सगळे आत बसून होतो. रस्त्यावर गाडी वाजली, की आया लेकरांच्या तोंडावर हात ठेवायच्या. मला त्या भिंती किल्ल्यासारख्या वाटल्या. आता कळतं, त्या जेमतेम माझ्या आजच्या खांद्याएवढ्या होत्या. कुणी आलं नाही, एवढंच. त्या घरातली पहिली प्रार्थना वडिलांनी पुटपुटत केली, आणि मोठ्यानं आमेन म्हणायची कुणाचीच छाती झाली नाही.