एक मिनिट, कॅमेरा न हलवता

आमची फिल्म अजून अर्धीच आहे. किस्से मात्र हार्ड डिस्क भरून झालेत! नको असलेलं फुटेज डिलीट तरी करता येतं.

आम्ही तिघं. समीर धुळ्यात लग्नाचे व्हिडिओ काढतो. पल्लवी जळगावात एडिटिंग करते. मी आठवडाभर जळगावच्या कॉलेजात शिकवते आणि शनिवारी पाच वर्षांच्या ओवीला घेऊन धुळ्याला, नवऱ्याकडे जाते. दिग्दर्शक मीच आहे असं ते दोघं म्हणतात. मी अजून म्हटलेलं नाही.

दोन शहरांत राहणाऱ्यांची फिल्म. शॉट एक मिनिटाचा, कॅमेरा हलवायचा नाही. प्रश्न एकच, "तुमचं घर कुठे?"

*

पहिला शॉट धुळ्याच्या स्टँडवरचा, रिकाम्या बाकाचा. समीर चाळीस सेकंद कसाबसा थांबला. मग कुजबुजला, "ताई, नवरा-नवरी कधी येणार?"

"कुणीच येणार नाही."

"मग झूम तरी करू द्या!"

*

बसमध्ये एक अक्का भेटल्या. माहेर सोनगीर, सासर जळगाव, मुलगा नाशिकला. प्रश्न ऐकून त्यांनी कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून दाखवला. "तिन्ही घरन्या चाब्या शेतस मनाजोडे!"

जुडगा परत खोचताना म्हणाल्या, "पन आतून कडी लावेल राही, त चाबीनं काय करानं?"

एडिटिंगमध्ये हा शॉट लावताना पल्लवीने मधेच आईला फोन केला. "काही नाही गं, सहज."

*

धुळ्यातल्या एका वाचनालयात कच्ची फिल्म दाखवली. शेवटी बराच वेळ नुसती उभी असलेली एसटी. दिवे लागले, एक आबा उठले. मी वही उघडून तयार.

"बठ्ठं चांगलं शे, बेटा. पन बस कवय सुटी?"

वहीत तेवढंच लिहिलेलं आहे: बस कधी सुटणार?

*

नवरा एकदा म्हणाला, "सगळ्या जगाला विचारतेस. ओवीला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. जूनमध्ये ती पहिलीत जाणार. जळगाव की धुळे, हे ठरवायचंय, आणि ठरलं की आमच्यातल्या एकाला नोकरी सोडावी लागणार. दोन्ही घरी मी सारखाच टूथब्रश ठेवलाय, सारखीच उशी. तरी ती कुठल्याच घरी आपली बॅग उघडत नाही. कपडे मी काढते, खेळणी आतच राहतात.

"पुढच्या शनिवारी विचारू," मी समीरला सांगितलं. असे चार शनिवार गेले. इतरांना विचारताना माझा आवाज कसा खणखणीत असतो!

*

पाचव्या शनिवारी समीर जळगावहून आमच्यासोबतच बसला. समोरच्या सीटवर त्याने कॅमेरा लावला. पारोळ्याला बस थांबली तशी मी पाणी आणायला उतरले. बाटली भरलेलीच होती.

परत चढले, तर ओवीची बॅग उघडी. सीटवर भातुकली मांडलेली. खिडकीच्या दांडीवर रुमाल वाळत घातलेला. समीर कॅमेऱ्यामागे. झूमला हात नाही.

कंडक्टर नव्याने चढलेल्यांना तिकिटं देत आमच्यापर्यंत आले. ओवीने हात आडवा केला.

"काका, चपला बाहेर काढून या."

मागची दोन-तीन माणसं हसली, मग हसायची थांबली. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. तिकिटाचं मशीन काखेत धरलं आणि वाकून बुटाची नाडी सोडायला घेतली.